मुलाखतीनंतरचे पत्र

लस टोचून झाली की माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये एक छोटे नाट्य हमखास घडते. मूल टाहो फोडत असते, दंडावर कापसाचा बोळा धरलेला असतो आणि आई म्हणते, "रडू नकोस हं, थँक्यू म्हण डॉक्टरकाकांना." ते बिचारे हुंदके आवरत, हाडवैऱ्याकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहत "थँक्यू" म्हणते आणि पुन्हा भोकाड पसरते. सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात असे हजारो धन्यवाद मी स्वीकारले आहेत. त्यांतला एकही मनापासूनचा नव्हता, याची मला पूर्ण कल्पना आहे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी बालकांच्या आहारावर लेख मागितला होता. त्या विषयावर मी यापूर्वी दोनदा लिहिले आहे. परंतु त्यामुळे आपल्या सभासदांच्या नातवंडांच्या आहारात काही फरक पडल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून संपादकांची क्षमा मागून या वेळी निराळाच विषय घेतो. आपल्या मंडळातील पुष्कळ सभासदांची मुले आज देशात आणि परदेशात नोकरीसाठी, पुढील शिक्षणासाठी मुलाखती देत आहेत. मुलाखत कशी द्यावी हे सांगणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. मुलाखत संपल्यानंतर, मुलाखत घेणाऱ्यांना काय लिहावे, मुळात लिहावे की नाही, याविषयी मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

निमित्त घडले ते असे. २०२५ च्या जानेवारीत माझा पुतण्या इंदूरच्या घरी बसून अमेरिकेतील बालरोगशास्त्राच्या रेसिडेन्सीसाठी मुलाखती देत होता. २०२० च्या कोविडच्या साथीपासून या मुलाखती बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर होतात. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेआठ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. वर कोट आणि टाय, खाली घरातला पायजमा, अशा वेषात चिरंजीव खोलीचे दार लावून बसत. कुकरची शिट्टी आत ऐकू जाऊ नये म्हणून वहिनी स्वयंपाक दुपारीच उरकून ठेवीत, आणि आमचे दादा, जे एरवी बातम्या मोठ्या आवाजात लावल्याशिवाय जेवत नाहीत, ते त्या दिवसांत मुकाट्याने वर्तमानपत्र वाचीत जेवत.

एके रात्री तो माझ्याकडे आला. "काका, जरा ही पत्रे नजरेखालून घालता का? इंग्रजी ठीक आहे ना, एवढेच पाहा." अकरा मुलाखती झाल्या होत्या आणि अकरा आभारपत्रे तयार होती. तिकडे अशी रीतच आहे. मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत चार ओळींचे आभाराचे पत्र पाठवतात, असे त्याने मला समजावून सांगितले. मी पत्रे वाचली. अकराही पत्रे एकच होती. फक्त रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव बदललेले होते, आणि सातव्या पत्रात तेही बदलायचे राहून गेले होते. इंग्रजी निर्दोष होते. 'आपल्या संस्थेच्या उत्कृष्टतेच्या परंपरेने मी भारावून गेलो' हे वाक्य प्रत्येक पत्रात तिसऱ्या ओळीवर होते. मला आमच्या लसीकरणाच्या खोलीतले ते "थँक्यू" आठवले.

परंतु माझे लक्ष खरे अडकले ते दोन पत्रांच्या शेवटच्या ओळीवर. दोन निरनिराळ्या शहरांतील दोन प्रोग्रॅमना त्याने लिहिले होते, की माझ्या यादीत आपले नाव मी पहिले लिहिणार आहे.

"यांतले खरे कोणते?" मी विचारले.

"काका, सगळेच असे लिहितात."

"मी सगळ्यांचे विचारले नाही."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "खरे तर दोन्ही नाही. पहिला तिसराच आहे."

इथे वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या जागा ज्या पद्धतीने भरल्या जातात तिला 'मॅच' म्हणतात. ही व्यवस्था १९५२ साली सुरू झाली. त्यापूर्वी रुग्णालये चांगले विद्यार्थी पटकावण्यासाठी उत्तरोत्तर लवकर बोलावणी पाठवू लागली होती आणि विद्यार्थ्याला विचार करायला पुरेसा अवधीच मिळत नसे. नव्या व्यवस्थेत उमेदवार आपल्या पसंतीक्रमाची यादी देतो, रुग्णालये आपली यादी देतात आणि दोन्ही याद्यांची सांगड घातली जाते. गंमत अशी, की या सांगडीमागचे गणित ज्या निबंधात प्रथम मांडले गेले, तो डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांचा १९६२ सालचा निबंध महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य या विषयावर होता! म्हणजे आपल्या वधूवर-सूचक मंडळाचाच विषय. सध्याची पद्धत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरानसन यांनी सुधारली आणि ती १९९८ पासून वापरात आहे. पुढे २०१२ साली रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिचे कार्य सोप्या शब्दांत असे. संगणक प्रथम उमेदवाराच्या पहिल्या पसंतीकडे जातो. त्या प्रोग्रॅमने उमेदवाराला आपल्या यादीत घेतले असेल आणि जागा असेल, तर त्याला तात्पुरते तिथे बसवतो. त्या प्रोग्रॅमला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी मागाहून आला आणि जागा उरली नसेल, तर आधीचा उठतो आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातो. सर्व उमेदवार संपेपर्यंत काहीच कायम होत नाही. यातून निघणारा निष्कर्ष प्रत्येक विद्यार्थ्याने आणि त्याच्या वडिलांनीही नीट समजून घ्यावा: उमेदवाराने आपली यादी आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच द्यावी. 'तिथे आपला नंबर लागणार नाही, मग पहिले नाव कशाला वाया घालवा' हा आपला प्रवेश-अर्जांतून आलेला विचार इथे लागू पडत नाही. पहिल्या ठिकाणी जमले नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

मग पत्रात खोटे लिहून काय साधायचे? नियमही स्पष्ट आहेत. तुमचा क्रम काय, असे कोणत्याही बाजूने दुसऱ्या बाजूला विचारण्यास मनाई आहे. उमेदवाराने आपण होऊन सांगण्यास बंदी नाही. पण सांगितलेले कोणावरही बंधनकारक नसते, अंतिम यादीत जे असेल तेच खरे. 'आम्हाला मुलाखतीनंतर पत्रे पाठवू नयेत, पाठवल्यास विचारात घेतली जाणार नाहीत' असे कित्येक प्रोग्रॅम स्वतःच आधी कळवतात. पुतण्याच्या अकरांपैकी दोघांनी तसे कळवले होते, आणि त्याने त्यांनाही पत्रे तयार ठेवली होती! "आभारच तर मानतो आहे, त्यात काय बिघडले?" हे त्याचे म्हणणे. दारावर 'कृपया बेल वाजवू नये' असे लिहिलेले असताना बेल वाजवून 'मी फक्त नमस्कार करायला आलो' असे म्हणावे, तशातला हा प्रकार. ती दोन पत्रे आम्ही प्रथम काढून टाकली.

आपल्या मराठी मनाला ही आभाराची रीत थोडी परकी वाटते, हे मी नाकारत नाही. 'आभार मानून परके करू नका' असे आपण म्हणतो. जवळच्या माणसाचे आभार मानले तर तो रागावतो. जाहीर आभारांचे म्हणाल, तर आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झाले की अर्धे सभागृह भोजनाच्या रांगेत उभे असते, आणि 'मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो' हे वाक्य ताटांच्या आवाजात विरून जाते. तरीही पत्रलेखनाचा संस्कार आपल्याकडे नव्हता असे म्हणता येणार नाही. माझे आजोबा होळकर संस्थानात कारकून होते. त्यांच्या पत्रांत 'कृ. सा. न. वि. वि.' या मायन्याखाली पहिली दोन वाक्ये ठरावीक असत आणि अखेरीस 'कळावे, लोभ असावा ही विनंती' असे. मधला मजकूर मात्र नेमका. कोणाकडे किती दिवस राहिलो, कोणत्या दिवशी त्यांनी टांगा करून दिला, मुलाला ताप होता तेव्हा कोणी रात्रभर जागून काढली, याचा त्यात उल्लेख असे. आभार हा शब्द मला त्या पत्रांत कधी आढळला नाही. वाचणाऱ्याला तो मिळाल्याखेरीज राहत नसे.

मी पुतण्याला म्हटले, "ही पत्रे बाजूला ठेव. मुलाखतीत काय बोलणे झाले ते सांग." पहिल्या तीन-चार ठिकाणचे त्याला फारसे आठवेना. मग एका मुलाखतीविषयी तो भरभरून बोलू लागला. तिथल्या एक प्राध्यापिका सिकल सेलच्या बालकांचा दवाखाना चालवतात. त्यांनी त्याला विचारले, की असे रुग्ण तू पाहिले आहेस का? घाईगडबडीत तो "हो, थोडे पाहिले आहेत" एवढेच म्हणाला आणि वेळ संपली.

"थोडे म्हणजे किती?"

मग कळले, की इंटर्नशिपमध्ये हा झाबुआकडे एका शिबिरात गेला होता. आपल्या मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार किती आहे हे वाचकांना ठाऊकच आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैत आपल्याच राज्यातील शहडोलहून सुरू झाली. त्या शिबिरात एक चौदा महिन्यांची मुलगी होती. हातापायांची बोटे सुजलेली. आई आधी तीन ठिकाणी जाऊन आली होती. कोणी मार लागला म्हटले, कोणी संधिवात म्हटले. याने डॅक्टिलायटिसची शंका घेऊन तपासणीला पाठवले आणि निदान तेच निघाले. अमेरिकेत हा आजार जन्मल्याबरोबर टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून शोधला जातो. २००६ पासून तिथल्या सर्व राज्यांत नवजातांची ही चाचणी होते आणि दोन महिन्यांच्या आतबाहेर पेनिसिलिन सुरू होते. आपल्या या मुलीचे निदान चौदाव्या महिन्यात, सुजलेल्या बोटांवरून झाले.

"हे तू त्या बाईंना सांगितलेस?"

"नाही. वेळच नव्हता."

"मग हेच लिही."

त्याने लिहिले, आणि इथे त्या पत्राचा आशय मराठीत देतो, कारण नमुना म्हणून तो उपयोगी पडेल: 'मंगळवारी आपण मला वेळ दिलात. सिकल सेलचे रुग्ण पाहिले आहेत का, या आपल्या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिले. मी झाबुआ जिल्ह्यातील शिबिरात असे नऊ रुग्ण पाहिले. त्यांतील एका चौदा महिन्यांच्या मुलीचे निदान सुजलेल्या बोटांवरून झाले. आपल्याकडे जन्मतःच निदान झालेली मुले पुढे कशी वाढतात, हे आपल्या बोलण्यातून मला प्रथम समजले. त्या दिवसापासून मी त्याचा विचार करतो आहे. आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.' एवढेच. आपल्याला घ्याच, अशी विनंती नाही. यादीत कितवे नाव, याचा उच्चार नाही. उत्तराची अपेक्षा नाही. सहा-सात वाक्ये, दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाला ते पत्र पाठवणे शक्य नव्हते.

उरलेल्या आठांपैकी पाचांना त्याला असे काही लिहिता आले. तिघांविषयी त्याला काहीच आठवेना, तेव्हा दोन ओळींचे साधे, सभ्य पत्र पाठवावे असे ठरले. जे आठवत नाही त्याने भारावून जाण्याचे कारण नाही.

ही रीत सर्वत्र चालते असे मात्र समजू नये. आपल्याकडे लोकसेवा आयोगाच्या किंवा अन्य सरकारी निवडीत मुलाखतीनंतर सदस्यांशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये. जाहिरातीतच लिहिलेले असते, की दबाव आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल. तिथे निष्पाप आभारपत्राचाही अर्थ वशिला असा होऊ शकतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मुलाखतीचे गुण ठरावीक निकषांवर तिथल्या तिथे दिले जातात, पत्राने त्यात भर पडत नाही. खाजगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत मात्र पत्राला जागा आहे, आणि ते वाचलेही जाते. हे मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून सांगतो.

त्या खुर्चीतील एक आठवण इथे सांगितली पाहिजे. ती माझ्या बाजूने भूषणावह नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागासाठी रजिस्ट्रार निवडायचा होता. समितीत आम्ही चौघे. एक तरुण मुलगी आली होती, लहान गावातून, नुकतीच पदविका घेतलेली. मी विचारले, नवजात बाळाची साखर उतरून त्याला झटके आले तर शिरेतून काय द्याल? ती म्हणाली, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे दोन मिलिलिटर. मोठ्या मुलाच्या बाबतीत हे चालले असते. नवजाताला दहा टक्क्यांचेच द्यायचे. इतके तीव्र द्रावण त्याच्या नाजूक शिरांना आणि, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या, मेंदूलाही इजा करू शकते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिला काही सांगितले नाही. "बरे, कळवतो" म्हणालो. मुलगी पाहून परतताना मुलाकडची मंडळी म्हणतात तेच ते 'कळवतो'.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ई-मेल आला. आभाराचे एक वाक्य होते आणि पुढे असे, की काल मी डेक्स्ट्रोजचे प्रमाण चुकीचे सांगितले. बाहेर पडल्यावर बसमध्ये माझ्या लक्षात आले. दहा टक्के, किलोमागे दोन मिलिलिटर, आणि नंतर मिनिटाला किलोमागे सहा मिलिग्रॅमने चालू ठेवायचे. निवडीवर परिणाम व्हावा म्हणून लिहीत नाही. चुकीचे उत्तर तसेच राहू नये म्हणून लिहिते.

समितीत मी तो ई-मेल वाचून दाखवला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "घरी जाऊन पुस्तक उघडल्यावर कोणालाही येते." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, रात्री दोन वाजता बाळाला झटके येतात तेव्हा बसमध्ये आठवून चालत नाही. दुसरे म्हणाले, "ही सहानुभूती मिळवण्याची युक्ती आहे." मला तसे वाटले नाही. आपली चूक, कोणी दाखवून न देता, आपण होऊन लिहून पाठवणारा रजिस्ट्रार मला हवा होता. रात्रपाळीत औषधाची मात्रा चुकली तर सकाळी फेरीच्या वेळी ते सांगेल असा माणूस मिळणे किती कठीण असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. परंतु मी एकटा पडलो, फारसा वादही घातला नाही आणि अधिक अनुभवी उमेदवार निवडला गेला. त्या उमेदवाराविषयी माझी तक्रार नाही. त्याने काम चांगले केले.

माझी तक्रार स्वतःविषयी आहे. त्या ई-मेलला मी उत्तर दिले नाही. 'कळवतो' म्हणालो होतो, ते कळवलेही नाही. निवड न झाल्याचे पत्र कार्यालय पाठवील अशी समजूत करून घेतली. कार्यालयाची समजूत होती की डॉक्टर कळवतील. पाच महिन्यांनी जागा पुन्हा रिकामी झाली, तेव्हा मी तिला फोन केला. ती दुसऱ्या गावी रुजू झाली होती. अतिशय अदबीने बोलली. शेवटी म्हणाली, "सर, माझा मेल तुम्हाला मिळाला होता का? मला वाटत होते, मी तो लिहायला नको होता." पाच महिने ती मुलगी, एक योग्य गोष्ट केल्याबद्दल, आपले काही चुकले असे समजत होती. मिळाल्याच्या एका ओळीने ते टळले असते.

तेव्हापासून आमच्याकडे ज्याची मुलाखत होते त्याला, निवड होवो वा न होवो, आठ दिवसांत मी स्वतः लिहितो. कोणाचे उत्तर कुठे चुकले तेही लिहितो. काहींना ते आवडत नाही.

पुतण्याचे सांगायचे राहिले. २१ मार्च २०२५ च्या शुक्रवारी रात्री साडेनऊला निकाल उघडायचा होता. जागा मिळाली आहे हे सोमवारीच कळले होते, कुठे ते शुक्रवारी कळणार होते. दादांकडे सगळे जमलो होतो, वहिनींनी श्रीखंड केले होते. सिकल सेलच्या बाईंचा प्रोग्रॅम त्याने यादीत दुसरा ठेवला होता आणि त्यांचे उत्तरही आले होते, त्या मुलीचे पुढे काय झाले असे विचारणारे. त्याला जागा मिळाली ती मात्र पहिल्या पसंतीच्या ठिकाणी. आम्हाला पत्रे पाठवू नका असे सांगणाऱ्या दोघांपैकी ते एक होते.

रात्री उशिरा त्याने सिकल सेलच्या बाईंना कळवले, की आपल्याकडे येणे होणार नाही. झाबुआला फोन करून ती मुलगी नियमित औषध घेते आहे का, याची चौकशी त्याने आधीच केली होती. तेही त्या पत्रात होते.